दारातले विझलेले ठिपके

आमच्या फ्लॅटच्या पाटीवर माझ्या नावापुढे 'बी.एस्सी.' असं लिहिलेलं आहे. बायको चिडवते, "लोक डॉक्टर लिहितात, वकील लिहितात... तुम्ही आपलं बी.एस्सी.!" लिहितो. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती पाटी मी करून घेतली आणि मीच ठोकली.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की हा अंगारे-धुपारे मानणारा माणूस दिसतोय. नाही. अंबरनाथ एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात : जे लिहिलं नाही ते झालंच नाही, आणि जे झालं नाही ते लिहायचं नाही. त्याच नियमाला धरून हे लिहितोय. जेवढं झालं तेवढंच.

आम्ही राहतो बदलापूर पूर्वेला, शिरगावात. तिसरा मजला. दार पॅसेजमध्ये उघडतं आणि दाराच्या बरोब्बर समोर पॅसेजची पश्चिमेकडची खिडकी आहे. दुपारी चारच्या सुमारास तिथून ऊन सरळ आत येतं आणि आमचं दार लख्ख उजळतं. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

घरात मी, बायको रेश्मा आणि माझी इंदूआत्या. आई मी दोन वर्षांचा असताना गेली, वडील सात वर्षांचा असताना. मला वाढवलं आत्यानं. तेव्हा आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका खोलीत राहायचो. आत्या घरी जीन्सचे धागे कापायची. कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबणारे दोरे छोट्या कातरीनं कापून द्यायचे. त्या कातरीवर माझी फी भरली गेली. माझ्या डिग्रीला अजून निळा रंग लागलेला आहे असं मी म्हणतो, ते उगाच नाही.

आत्याला लहानपणापासून रातांधळेपणा. लग्न झालं, सासरी कळलं, सहा महिन्यांत परत पाठवली. पुढे दिवसाचंही दिसणं कडेकडेनं मिटत गेलं. नळीतून बघावं तसं, आणि नळी दरवर्षी बारीक होत जायची. मी बारावीत असताना ती नळीही बंद झाली. डोळ्याच्या मागचा पडदा वाळत जातो, औषध नाही, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले. तरी तिनं धागे कापणं सोडलं नाही. बोटांनी दोरा शोधायची आणि कातर चालवायची, पँटीला कधी कट नाही गेला.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. आत येणाऱ्यानं दारात नाव सांगायचं. मी रोज कामावरून आलो की म्हणतो, "हेमंत आलो." रेश्मा नवीन लग्न होऊन आली तेव्हा लाजायची, आता तीही म्हणते. दूधवाला म्हणतो, सिलेंडरवाला म्हणतो. कोणी विसरलं की आत्या आतून ओरडते, "नाव टाक रे बाबा, दारात काय चोरासारखा!"

मुंबईच्या एका हॉस्पिटलात कृत्रिम पडद्याची चाचणी चालू आहे, असं मला कळलं. मीच फॉर्म भरला, मीच आत्याला घेऊन चकरा मारल्या. प्रकार असा : डोळ्याच्या आत, पडद्यावर, एक बारीक चिप बसवतात. बाहेरून गॉगल, त्याच्या मध्ये कॅमेरा. कमरेला मोबाईलएवढी डबी. कॅमेऱ्याला दिसतं ते डबी ठिपक्यांमध्ये बदलते आणि चिप तेवढ्या जागी पडद्याला करंटचा टोचा देते. माणसाला उजेडाचे ठिपके दिसतात. साठ ठिपके, बस. त्यात चेहरा दिसत नाही, अक्षर दिसत नाही. खिडकी, दार, पांढऱ्या ताटातली काळी वाटी, एवढं सरावानं ओळखता येतं.

डॉक्टरांनी हे सगळं तिला नीट समजावून सांगितलं. अपेक्षा मोठी ठेवू नका म्हणाले. आत्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दार दिसेल?"

"दाराची चौकट दिसेल. समोरून उजेड असला तर दारात कोणी उभं आहे का, तेही कळेल."

"मग करा," ती म्हणाली.

मला तेव्हा जरा लागलंच. वाटलं होतं म्हणेल, माझ्या हेमंतचा चेहरा दिसेल का.

ऑपरेशन नीट झालं. मग घरचा सराव सुरू झाला. हॉस्पिटलच्या ट्रेनर मॅडम महिन्यातून दोनदा शनिवारी येत. त्यांनी आमची जागा बघून दाराचा सराव चार वाजता करायचा ठरवलं, कारण तेव्हा उजेड दारातल्या माणसाच्या मागून येतो. माझी फर्स्ट शिफ्ट, मी पावणेचारला घरी. आत्या दारासमोर खुर्चीवर बसायची. रेश्मा दारात उभी राहायची किंवा नाही राहायची. आत्यानं सांगायचं, "आहे" किंवा "नाही". मी वहीत लिहायचं.

त्यांनी एक टॅबही दिला होता. त्यात डावीकडे कॅमेऱ्याचं चित्र दिसतं आणि उजवीकडे ते साठ ठिपके, कुठला पेटला, कुठला विझला. दार मोकळं असलं की ठिपक्यांचा उभा चौकोन पेटायचा. रेश्मा उभी राहिली की मधली रांग विझायची. उजेडात माणूस म्हणजे काळा पट्टा. इतकं साधं.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आत्या म्हणाली, "आहे."

मी म्हटलं, "आत्या, चूक. रेश्मा किचनमध्ये गेली, दूध वर येतंय."

"आहे रे. मघापासून आहे."

"कोणी नाहीये."

"रेश्मा नाय ही. रेश्मा बारीक आहे. हा बाप्या आहे." आणि दाराकडे तोंड करून, "नाव टाक की रे बाबा! मुका आहेस काय?"

दारात कोणीही नव्हतं. पॅसेजमध्ये ऊन पडलेलं, शेजारच्यांच्या चपला, बस. मी सहज टॅबकडे बघितलं. डावीकडे कॅमेऱ्याचं चित्र, मोकळं दार, मागे खिडकी. उजवीकडे... मधल्या दोन रांगा विझलेल्या.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? तेच, जे लॅबमध्ये करतो. मशीनवर संशय घेतला. मधले ठिपके खराब झाले असणार. आत्याला म्हटलं, मान डावीकडे वळव. खराब ठिपके असते तर काळा पट्टा तिच्या नजरेबरोबर सरकला असता, जिकडे बघेल तिकडे मधोमध. तसं झालं नाही. मान वळवली तसा पट्टा कडेला गेला, दाराबरोबर. परत समोर बघितलं, पट्टा परत दारात. म्हणजे जे काही होतं ते मशीनमध्ये नव्हतं. दारात होतं. पण कॅमेरा दारात काही नाही म्हणत होता.

पाच-सहा मिनिटं तसं राहिलं. मग रांगा आपोआप पेटल्या. आत्या म्हणाली, "गेला."

वहीत मी लिहिलं : 'दारात कोणी नसताना उत्तर "आहे". ठिपके विझलेले. कारण माहीत नाही.'

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या आठवड्यात चार वेळा. दरवेळी सव्वाचारच्या आसपास, आणि दरवेळी तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा. आत्या नाव विचारायची, उत्तर नाही. चौथ्या वेळी तिनं नाव विचारलंच नाही. नुसती बघत बसली. गॉगलखालून पाणी येत होतं. मी म्हटलं, डोळा दुखतोय का? तिनं 'नाही' अशी मान हलवली.

रेश्मा घाबरली होती. "तुमच्या बी.एस्सी.त नाही का हे?" असं तिनं एकदा विचारलं, पण यावेळी ती चिडवत नव्हती.

शनिवारी मॅडम आल्या. वही वाचली, पान उलटून परत वाचलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हेमंतजी, असं होतं. नजर गेलेल्या माणसाचा मेंदू जुनी चित्रं काढून भरतो."

"मॅडम, मेंदू भरेल. पण टॅब?"

"डबी आणि चिपच्या लिंकमध्ये काहीतरी गडबड असेल. मी पुढच्या शनिवारीही येते, तोवर बघू. हेच चालू राहिलं तर आम्हाला करंट कमी करावा लागेल, कदाचित काही महिने बंद. पेशंटला नसलेली माणसं दिसणं आम्ही सोडून नाही देऊ शकत."

"करंट कमी केला तर दार दिसेल?"

"नाही. खिडकीचा उजेड तेवढा कळेल."

आम्ही हळू बोलत होतो, पण आंधळ्या माणसापुढे हळू बोलणं म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मॅडम गेल्यावर आत्या म्हणाली, "हेमा, वहीत लिहू नकोस."

"काय लिहू नको?"

"तो आला की लिहू नकोस. 'नाही' लिही. त्यांना दार बंद करू देऊ नकोस माझं."

मी म्हटलं, "खोटं लिहिणार नाही." असंच म्हणालो, कडक. माझ्यासाठी जिनं बोटं सोलून घेतली तिला मी नियम सांगत होतो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चिपमुळे आत बिघाड होत असेल आणि मी लपवलं तर? रात्रभर... नाही, रात्रीचं काही सांगत नाही. रात्री काहीही झालं नाही. जे झालं ते सगळं भर दुपारी, लख्ख उजेडात.

पुढच्या आठवड्यात तो तीनदा आला. मी तीनही वेळा लिहिलं. आत्या माझ्याशी बोलेनाशी झाली. आमच्या घराण्यात ही खोड आहे. राग आला की गप्प.

शुक्रवारी, मॅडम यायच्या आदल्या दिवशी, तो परत आला. आत्या गॉगल लावून खुर्चीत, मी शेजारी टॅब घेऊन. मधल्या रांगा विझल्या. आणि आत्या आपणहून बोलली, दारावरची नजर न हलवता.

"तुझा बाप कामावरून यायचा तेव्हा कुठं थांबायचा, आठवतं?"

आठवत होतं. माझे वडील अंबरनाथला रंगाच्या कंपनीत होते. कपड्यांना लागतो तो रंग, पावडरमध्ये. शिफ्ट सुटली की अंगावर, केसांत, नखांत रंग. ते तसेच खोलीत आले असते तर सगळं पिवळं झालं असतं. म्हणून ते उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, सायकल टेकवून. हाक मारायचे नाहीत. आत्या त्यांना बघायची, तांब्या घेऊन जायची, पायांवर पाणी ओतायची, मग ते आत यायचे. रोज चार-सव्वाचारला.

"त्या दिवशी सकाळी," आत्या म्हणाली, "मी त्याच्या डब्यात पाय दिला. भाताच्या. मधोमध ठेवलेला डबा, मला दिसला नाय. तो ओरडला, 'डोळे फुटले का तुझे?'"

तिनं गॉगल नाकावर नीट बसवला.

"फुटतच होते रे. रातचं नाय दिसत हे ठाऊक होतं सगळ्यांना. दिवसाचंही चाललंय, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गठ्ठे बंद झाले असते. तो सहज बोलला, पण मला ते खरं होतं म्हणून लागलं. मी बोलणं टाकलं. दुपारी तो आला. दारात उभा राहिला. मी खाली मान घालून धागे कापत होते. नळीएवढं दिसायचं मला, पँटीबाहेर काय दिसणार. तो उभाच. त्याला वाटलं, ही अजून फुगली आहे, बघूनही उठत नाय. तोही तसाच हट्टी. हाक मारली नाय. निघून गेला."

"तुला कसं कळलं?"

"शेजारची सिंधी बाई आली ना सांगायला. 'इंदू, भाई इतना टाईम दरवाजे पे खडा था, तूने देखा तक नहीं. झगडा हुआ क्या?' मी उठून बाहेर धावले तर कुठं दिसतोय."

पुढचं मला माहीत होतं. वडील सायकल घेऊन परत अंबरनाथच्या बाजूला निघाले होते. ते कामावरून घरी न येता परत का वळले, याचा उलगडा मला कधी झाला नव्हता. रस्त्यात टँकरनं त्यांना उडवलं. अग्नी मी दिला, सात वर्षांचा होतो. बाकी फारसं आठवत नाही, पण त्यांचे तळपाय आठवतात. आंघोळ घातली होती तरी पिवळे होते. तो रंग कातडीवरून एका दिवसात जात नाही, हे मी पुढे केमिस्ट्रीत शिकलो.

"दार दिसेल का," मी म्हटलं, "ते यासाठी विचारलंस?"

"तुझं तोंड मी हातानं बघितलंय हेमा. पार लहानपणापासून. ते राहिलं नाय माझं. दार राहिलं होतं." मग म्हणाली, "त्याला नाव टाकायची सवय कुठली असणार? तो नियम तो गेल्यावरचा. पाणी आण."

मी टॅबकडेच बघत राहिलो.

"उद्या ती बाई दार बंद करेल. आण पाणी."

मी टॅब हातात घेऊनच किचनमध्ये गेलो, तांब्या भरला, तिच्या हातात दिला. तिनं काठी घेतली नाही. खुर्चीतून उठून सरळ दारापर्यंत चालत गेली. चिप बसवल्यापासून ती इतकी सरळ कधी चालली नव्हती. उंबऱ्याशी थांबली. वाकली. मी तिच्या खांद्यामागे उभा.

"बाळ्या," ती म्हणाली, "मला दिसला नव्हतास रे. रागानं नाय. दिसलाच नव्हतास. पाय धू आणि आत ये."

आणि पाणी ओतलं.

आता जे लिहितोय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला चष्मासुद्धा नाही. पाणी पिवळं झालं असं लिहिलं तर वाचायला मजा येईल, पण झालं नाही. पाणी पाण्यासारखंच होतं. ते उंबऱ्याबाहेरच्या लादीवर पसरलं, शेजारच्यांच्या चपलांपर्यंत गेलं. फक्त दोन जागा कोरड्या राहिल्या. शेजारी-शेजारी, माझ्या पावलांपेक्षा जरा लहान, टाचा खिडकीकडे आणि बोटं आमच्याकडे. पाणी त्यांच्या कडेनं वळसा घालून जात होतं, जसं कोणी उभं असताना जातं. मी चार-पाच श्वास मोजले असतील. मग उजवी जागा पाण्यानं भरली. मग डावी. आपण आत पाऊल टाकताना जसे पाय उचलतो, त्या क्रमानं.

आत्या बाजूला सरकली. आत येणाऱ्याला वाट देतो, तेवढीच.

टॅबवर सगळे ठिपके पेटलेले होते. पूर्ण दार.

रेश्मा बाजारातून आली तेव्हा मी फडकं घेऊन लादी पुसत होतो. "रेश्मा आली," ती दारातून म्हणाली, "हे काय सांडलंय?" उत्तर आत्यानं दिलं, "पाय धुतले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच लादी स्पिरिटनं पुसून काढली, तेलकट डाग असला तर पाणी थांबू शकतं म्हणून. तांब्यानं दहा वेळा पाणी ओतलं. जवळून, लांबून, हळू, जोरात. दहाही वेळा पाणी सगळीकडे सारखं पसरलं. आधी पुसायला नको होतं, हे नंतर लक्षात आलं. पुराव्यावरच फडकं मारणारा केमिस्ट... असो.

सकाळी अकराला मॅडम आल्या. दोन तास सगळं तपासलं. लिंक ठीक, डबी ठीक, साठच्या साठ ठिपके ठीक. मागच्या नोंदी काढल्या. त्या त्या दिवशी सव्वाचारच्या सुमाराला मधल्या रांगांना करंट गेलेला नाही, हे त्यांच्याही लॅपटॉपवर दिसलं. कॅमेऱ्यात दार मोकळं, हेही. "हे मी वर पाठवते," म्हणाल्या. त्याला आता वर्ष होऊन गेलं, वरून उत्तर आलेलं नाही.

मग त्यांनी वही मागितली. शुक्रवारच्या पानावर काय लिहायचं यावर मी सकाळी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. झालं ते लिहायचं, झालं नाही ते लिहायचं नाही. शेवटी रकान्यांप्रमाणे लिहिलं. वेळ : सव्वाचार. उजेड : चांगला. दारात कोण : बाळू, माझे वडील. शेरा : आत आले.

मॅडमनी ते वाचलं. माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे. आत्या गॉगल काढून धुतलेले कपडे घड्या करत बसली होती.

"आत्या," मॅडम म्हणाल्या, "करंट थोडा कमी करून बघावा लागेल. दार पहिल्यासारखं नाही दिसणार काही दिवस. चालेल ना?"

"करा," आत्या म्हणाली. "आता बंद केलंत तरी चालेल."

करंट कमी केला, दोन महिन्यांनी परत वाढवला. आत्याला आता दार दिसतं, ताटातली वाटी दिसते. तो काळा पट्टा परत कधी आला नाही. वडील जिवंत असताना आम्ही उल्हासनगरला होतो. ही बिल्डिंग तेव्हा नव्हती, शिरगावात तर आमचं कोणी ओळखीचंही नव्हतं. त्यांना हा पत्ता कोणी सांगितला, पाणी दोन जागी का थांबलं, यातलं मला काहीही कळलेलं नाही. कोणाला कळलं तर जरूर लिहा. भुताखेतावर माझा आजही विश्वास नाही.

वही हॉस्पिटलला जमा केली, त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा आहे. त्या दिवशी मॅडमनी पेन काढलं, थोडा वेळ तसंच धरलं. मला वाटलं, शेरा खोडतील.

त्यांनी सही केली.